आजीचा प्रश्न अजून तसाच आहे

(पत्र वसईच्या पट्ट्यातल्या एका वाचक मुलीचं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा इथे देते आहे.)

मी चोवीस वर्षांची आहे. घरची केळीची वाडी आहे, थोडी पानवेलही आहे. पदवी झाल्यावर नोकरी न धरता मी पुण्याला ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकायला गेले. मला सिस्टर व्हायचं नाही. प्रापंचिक म्हणूनच शिकायचं आणि पुढे शिकवायचं, असं मनात होतं. घरच्यांना, विशेषतः आजीला, याचं फार कौतुक. पण दुसऱ्या वर्षी चर्चचा इतिहास आणि बायबलची हस्तलिखितं हे विषय सुरू झाले आणि पायाखालची वाळू सरकली. जे लहानपणापासून एकसंध वाटत होतं त्याला किती सांधे आहेत ते दिसायला लागलं.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी मी घरी होते. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचला गेला: व्यभिचारात पकडलेल्या बाईला येशूपुढे उभं करतात आणि तो म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा. आजीचा हा सर्वांत आवडता भाग. घरी आल्यावर ओट्यावर बसून ती शेजारणीला तेच सांगत होती. मी म्हणाले, "आजी, हा उतारा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. नंतर कोणीतरी घातलाय." आजी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मारला का दगड तिला?" तिला मुद्दाच कळला नव्हता. त्या रात्री जपमाळेच्या वेळी तिनं सुरुवात केली नाही. "तू सांग आता, तू शिकलीस," म्हणाली. त्यानंतर जेवताना मी पोर्तुगीजांच्या काळातल्या धर्मांतरांविषयी बोलले, तर पप्पा ताटावरून उठले. "बाहेर ऐकतोच, आता घरातही ऐकायचं," एवढंच म्हणाले.

मी हे शिक्षण सोडावं का? की शिकावं आणि घरी गप्प राहावं? पण गप्प राहणं म्हणजे खोटं जगणं नाही का? सुट्टीत घरी आले की रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवीची मुलं मला विचारतात, "हे खरंच घडलं का?" त्यांना काय सांगू?

---

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा आजीच्या प्रश्नापाशी अडकले. चार पानांच्या पत्रात तू हस्तलिखितांची नावं लिहिलीस, शतकं लिहिलीस, आणि आजीचं वाक्य मधेच एका ओळीत टाकून पुढे गेलीस, "तिला मुद्दाच कळला नव्हता" असा शेरा मारून. मला मात्र वाटतं की त्या दिवशी ओट्यावर मुद्दा नीट कळलेली एकटी तीच होती. तू तिला कागदाविषयी सांगितलंस, तिनं बाईविषयी विचारलं. उतारा नाही म्हणतेस, तर ती बाई वाचवणारा कोणी उरला का, असा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तू जे शिकलीस ते खरं आहे. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन थोर हस्तलिखितांत हा प्रसंग नाही. काही प्रतींत तो भलत्याच ठिकाणी, लूकच्या शुभवर्तमानात येतो. भाषेची ठेवणही योहानाची वाटत नाही. तुझ्या शिक्षकांनी हे लपवलं नाही, याचा मला आनंद आहे. पण हे निम्मंच झालं. उरलेलं निम्मं वर्गात आलं नसेल, किंवा आलं तेव्हा तुझं मन आधीच ढासळलं असेल.

तिसऱ्या शतकात, म्हणजे त्या दोन हस्तलिखितांच्याही आधी, सीरियातल्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिलेल्या एका नियमग्रंथात बिशपांना उपदेश आहे: पश्चात्ताप करून परत आलेल्याला हाकलू नका, वडीलधाऱ्यांनी त्या पापी बाईला प्रभूपुढे उभं केलं तेव्हा तो तिच्याशी कसा वागला ते आठवा. म्हणजे योहानाच्या जुन्या प्रतींत नसताना ही गोष्ट लोकांच्या तोंडी होती, आणि नुसती तोंडी नव्हती, तिच्या आधारानं माणसं परत घेतली जात होती. पुढे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन तर असं लिहितो की काही अल्पविश्वासी पुरुषांनीच हा भाग आपल्या प्रतींतून काढून टाकला, आपल्या बायकांना पाप करायला मोकळीक मिळेल या भीतीनं. ऑगस्टीनचा अंदाज आजचे बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. तरी सोळाशे वर्षांपूर्वी एका बिशपाला ही गोष्ट पुरुषांना अडचणीची वाटू शकते असं दिसलं होतं, हे आजीला सांग. तिला ते लगेच पटेल.

बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमनं आपल्या भाषांतरात हा उतारा ठेवला, १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेनं ते बायबल सगळ्या भागांसह मान्य केलं, आणि म्हणून आजही तो प्रसंग मिस्सामध्ये वाचला जातो. तुझ्या वाक्यात "नंतर घातलाय" असं होतं. त्यातल्या "नंतर"चा अर्थ तू "खोटा" असा धरलास. हस्तलिखितशास्त्र एवढंच सांगतं की हा भाग योहानाच्या मूळ ग्रंथात बहुधा नव्हता. तो प्रसंग घडला की नाही, यावर ते शास्त्र बोलत नाही. हा फरक तुझ्या अभ्यासातलाच आहे. घरी येताना तो तू पुण्यातच विसरलीस.

तुझं मन दुसऱ्या एका गोष्टीनंही धास्तावलंय. ग्रंथाचे सांधे बघणं म्हणजे श्रद्धेला सुरी लावणं, असं तुला कुठेतरी वाटतं. आपल्या मराठी मातीत याचं उलट उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या, पाठभेद तपासले आणि शुद्ध प्रत तयार केली. मग बजावून ठेवलं की यात कोणी स्वतःची ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल. हे काम त्यांनी ज्ञानेश्वरांवरच्या प्रेमानं केलं. वारकऱ्यांची भक्ती त्यामुळे कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तू ग्रीक हस्तलिखितं चाळतेस तेव्हा तुझं बोट त्याच कामावर असतं.

आणि गंमत बघ, एकनाथांच्या त्या कामाच्या पाचच वर्षं आधी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट मिशनरी गोव्याला उतरला होता. गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांनी त्याच्याकडे तक्रार केली: आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? त्यानं त्यांच्यासाठी मराठीत, ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. फुलांत मोगरी आणि सुगंधांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, असं म्हणणारा तो हाच. १६१६ साली गोव्यातच राशोलला ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढलं. तरीही पुस्तक आपल्यापर्यंत आलं, कारण लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं आणि चर्चमध्ये, घरात गायलं. उतरवणाऱ्यांच्या चुका त्यात आहेत. पाठभेद आहेत. त्या चुका करणारे हात नसते तर पुस्तकच नसतं. बायबलच्या हस्तलिखितांकडे मी हे कळल्यापासून याच नजरेनं बघते. समासात लिहिलेली एखादी ओळ पुढच्या लेखनिकानं मजकुरात ओढून घेतली, तर त्यानं फसवणूकच केली असं मला लगेच वाटत नाही. त्याला ती ओळ हरवू द्यायची नव्हती, असंही असू शकतं.

हे मी उशिरा शिकले. कसं, ते सांगते. माझे वडील "आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रार्थना रोज संध्याकाळी मोठ्यानं म्हणत. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" या ओळीनंतर ते दोन शब्द जोडत: "शेजाऱ्यालाही दे." लहानपणी आम्हाला वाटायचं, प्रार्थना तशीच आहे. मी वीस वर्षांची असताना, कॉलेजात मराठी विषय घेऊन शिकत असताना, एका संध्याकाळी त्यांना म्हणाले, "बाबा, शेजारी त्यात नाही." त्यांनी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या ओळीशी आले की ते थबकायचे, एक श्वास घ्यायचे आणि पुढे जायचे. शेजारी पुन्हा कधी आला नाही. मी बरोबर होते. ते गेले त्याला आता खूप वर्षं झाली, तरी जपमाळेत त्या ओळीला मलाच तो थबकलेला श्वास ऐकू येतो. ते शब्द त्यांना कुठून मिळाले, कोणत्या दुष्काळात, कोणाच्या घरातली चूल बंद बघून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तेच तुला विचारते. आजीला तू सांगितलंस. आजीला विचारलंस का? तिला हाच प्रसंग इतका का आवडतो? कोणासाठी आवडतो? म्हाताऱ्या बाईच्या मनात एखादी गोष्ट साठ वर्षं राहते तेव्हा तिच्या मागे कोणीतरी असतं. एखादी बहीण, एखादी शेजारीण, एखादी वाडीत कामाला येणारी बाई. कदाचित ती स्वतः. तुझ्या अभ्यासक्रमात मौखिक परंपरा नावाचा धडा असेलच. तो धडा तुझ्या घरी ओट्यावर लुगडं नेसून बसलेला आहे आणि तू त्याच्यासमोर व्याख्यान देऊन आलीस.

आता पप्पांकडे येऊ. ते का उठले, हे त्यांच्या वाक्यातच आहे. "बाहेर ऐकतोच." आपल्या भागातल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला हा टोमणा चुकलेला नाही: तुम्ही बाटलेले, तुमचा धर्म पोर्तुगीजांचा. बाजारात, गाडीत, कधी हसत तर कधी चिडून. तू इतिहास म्हणून बोललीस, त्यांना तो टोमणा ऐकू आला, आणि तोही लेकीच्या तोंडून. तुझा हेतू तसा नव्हता हे मला कळतं. जेवणाच्या ताटावर ते त्यांना कसं कळावं?

पण इतिहास खोटा नाही, आणि तो गुळगुळीत करून सांग असं मी म्हणणार नाही. १५३४ च्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या मुलखात देवळं पाडली गेली, धर्मांतरासाठी आमिषं होती, सक्ती होती, अनाथ मुलांना ताब्यात घेण्याचे हुकूम होते. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत शंकराच्या शिल्पांना लागूनच मठ आणि चर्च उभं राहिलं, त्याचे अवशेष आजही बघता येतात. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, धर्मद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा देणारं इन्क्विझिशनचं न्यायासन चाललं. या साऱ्याची लाज वाटली तर वाटू दे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये उघडपणे, सत्याच्या नावाखाली झालेल्या अन्यायांबद्दल, चर्चच्या वतीनं देवाची क्षमा मागितली. पोपला जे बोलता येतं ते तुलाही बोलता येईल. तू त्यामुळे कमी ख्रिस्ती होत नाहीस.

फक्त तू गोष्ट जिथे थांबवलीस तिथे ती थांबत नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांचे परदेशी धर्मगुरू गेले. लोकांना धरून ठेवणारी तलवार उरली नाही, उलट नवी सत्ता दुसऱ्या धर्माची होती. काही घरं जुन्या धर्मात परतलीही. पण बहुसंख्य घरं राहिली. हाताशी असलेल्या देशी धर्मगुरूंच्या आधारानं त्यांनी कित्येक दशकं आपली प्रार्थना चालू ठेवली. तुझ्या पप्पांचे पूर्वज त्यांत असणार. पहिली पिढी कशी ख्रिस्ती झाली याचं उत्तर कदाचित तुला कधीच मिळणार नाही: कोणी भीतीनं, कोणी जमिनीसाठी, कोणी मनापासून. पण १७३९ नंतर राहिलेल्यांना कोणी धरून ठेवलं नव्हतं. हे पप्पांना सांगितलं आहेस का? मला वाटतं, नाही. कारण तू इतिहासाचं पुस्तक मधेच मिटलंस.

आणि त्याच्या आधीचीही पानं आहेत. सहाव्या शतकातला एक प्रवासी 'कल्याण' नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक आणि पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते आपलंच कल्याण असं पुष्कळ अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, तेव्हा वास्को द गामाचा जन्मही झाला नव्हता. यावरून आपला धर्म पोर्तुगीजांच्या आधीचा आहे असं सिद्ध करायला मात्र जाऊ नकोस. तो खटाटोप टोमण्याला उत्तर देण्यासाठी असतो, अभ्यासासाठी नाही.

मी रेवदंड्याला राहते. खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलतात, बोलणारे जेमतेम हजारभर असतील. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले. गावकऱ्यांना ती भाषा टाकून द्यायला कोणाची आडकाठी नव्हती. त्यांनी टाकली नाही. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण बरीचशी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. तिथल्या बायका त्या बोलीत मुलांना झोपवतात आणि मासळीचा भावही करतात. त्या तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. सैनिकांबरोबर आलेली भाषा ज्यांच्या तोंडात तीनशे-चारशे वर्षं राहिली, त्यांची नसेल तर कोणाची? पुलावरून जाताना मला हा विचार नेहमी येतो, आणि तुझं पत्र वाचताना पुन्हा आला.

आता तू विचारलेल्या पर्यायांचं.

शिक्षण सोडावंस का? परीक्षा तोंडावर असताना, घरी भांडण ताजं असताना हा निर्णय घेऊ नकोस, एवढं मी ठाम सांगेन. झोप उडाली असेल, प्रार्थना करावीशीच वाटत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर एक सत्र थांबणं यात कमीपणा नाही. ते आधी वाडीत थोडं राबून आणि डॉक्टरांशी बोलून ठरव. पण "मला शंका येतात, म्हणून मी इथे नको," हे कारण असेल तर मला ते मान्य नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचे प्रश्न थांबले का? उलट, ज्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या त्यांच्याशी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. सिस्टर वैतागल्या, रमाबाई हटल्या नाहीत. आणि याच बाईनं पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या त्याच्या थोडं आधी ते काम संपलं, आणि केडगावच्या त्यांच्या स्वतःच्या छापखान्यातून १९२४ मध्ये ते बाहेर आलं. शंका विचारणारी बाई आणि आजीच्या हातात पुस्तक देणारी बाई, एकच होती.

तुला गरज आहे ती एका माणसाची, जो हे सगळं वाचून अजूनही प्रार्थना करतो. तुझ्या संस्थेत असा एखादा प्राध्यापक, एखादी सिस्टर असेलच. वर्गात विचारू नकोस. संध्याकाळी जाऊन सरळ विचार, "हे शिकताना तुमचं काय झालं होतं?" विषयाची उत्तरं पुस्तकात मिळतील, हे तिथे मिळणार नाही.

घरी गप्प राहणं म्हणजे खोटं जगणं का? तू बोलणं आणि गप्प राहणं असे दोनच रस्ते धरलेस. तिसरा आपल्याच कोकणातल्या एका घरानं दाखवलाय. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. ताटातूट झाली, अश्रू झाले, पुन्हा एकत्र राहणं झालं, सोवळं-ओवळं एकेक करून सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाला पटल्यावर बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तू वाचलं नसशील तर ईशज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकाआधी वाच. एकाच घरात दोन माणसं दोन वेगांनी चालू शकतात, आणि पुढे गेलेल्यानं मागच्याला ओढायचं नसतं, हे त्यात पानोपानी दिसतं. घरी कोणी विचारलं तर खरं सांग, पूर्ण सांग. न विचारता, शेजारणीसमोर, तिच्याच ओट्यावर दुरुस्ती करू नकोस. याला मी खोटेपणा म्हणणार नाही.

पप्पांशी ताटावर बोलू नकोस. केळीचे लोंगर उतरवताना, पाणी सोडताना, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर, जिथे हाताला काम असतं आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, तिथे बोल. आणि सुरुवात १७३९ पासून कर. सोळाव्या शतकात मग ते स्वतःच येतील.

आठवीच्या मुलांसाठी मी स्वतः वर्गात वापरत आलेला एक नियम देते: आज असं काही सांगायचं नाही, जे ती कॉलेजात गेल्यावर मागे घ्यावं लागेल. बायबल एक पुस्तक नाही, कपाट आहे, आपल्या कपाटात त्र्याहत्तर पुस्तकं आहेत, हे तेरा वर्षांच्या मुलाला छान कळतं. कपाटात काव्य असतं, कायदा असतो, पत्रं असतात, इतिहास असतो. "खरंच घडलं का?" असं मुलानं विचारलं की आधी "हे कोणत्या प्रकारचं पुस्तक आहे?" असं त्यालाच विचार. योनाला गिळणाऱ्या माशाला आणि येशूच्या क्रूसमरणाला एकच उत्तर देऊ नकोस, ती सारख्या जातीची लिखाणं नाहीत. रोमन अधिकारी पिलातानं येशूला मृत्युदंड दिला हे ख्रिस्ती नसलेल्या रोमन इतिहासकारानंही लिहून ठेवलंय, तेही मुलांना सांग. आणि जे तुला माहीत नाही तिथे "मी अजून शिकतेय" म्हण. मुलं त्यानं बिथरत नाहीत. ती बिथरतात मोठ्यांनी उत्तर टाळलं की.

हे पत्र छापायचं ठरवलं कारण अशी पत्रं मला एकाच धर्मातून येत नाहीत. इतिहास शिकणारा एखादा मुलगा घरच्या पोथीची तारीख काढून दाखवतो आणि आईशी अबोला धरतो. सेमिनरीत धर्मगुरू व्हायला शिकणारा एखादा विद्यार्थी पहिल्या सुट्टीत गावच्या सणातले सगळे रिवाज "मूळचे नाहीत" म्हणून मोडीत काढतो. त्या सगळ्यांना मी एक वही घ्यायला सांगते. वही साधी, शंभर पानी. त्यात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या प्रार्थना, लग्नातली गाणी, कुरुसाजवळ मेणबत्ती लावताना म्हणायचे शब्द, जसे उच्चारले जातात तसेच उतरवायचे. काही दुरुस्त करायचं नाही. "हे कोणाकडून शिकलीस?" एवढंच विचारायचं आणि उत्तर शेजारी लिहायचं. लेखनिक होऊन बघ म्हणजे हस्तलिखितांवरचं प्रेम वाढतं. चुका कशा होतात तेही कळतं.

तुझी वही आजीपासून सुरू होईल. या शनिवारी घरी जा. संध्याकाळी जपमाळेला तिच्या शेजारी बस आणि सुरुवात तिलाच करायला सांग. नाही म्हणाली तर आग्रह कर. झाल्यावर तिनं विचारलेल्याचं उत्तर दे: "नाही आजी, नाही मारला." हस्तलिखितांचं जे खरं आहे तेही सांग, आता ती ऐकेल. मग तिला त्या प्रसंगातली एक ओळ वाचून दाखव, नीट लक्ष देऊन वाचलं तरच दिसणारी. येशू बोलून पुन्हा खाली वाकतो आणि जमिनीवर बोटानं लिहू लागतो. तिला घेऊन आलेले पुरुष एकेक करून निघून जातात, आणि त्यांत सर्वांत आधी जातात ते म्हातारे. म्हातारेच आधी का गेले असतील, हे आजीला विचार. ती जे सांगेल ते त्याच रात्री वहीत लिही, आणि मलाही कळव.

तुझी,
ताई